मटण दालचा बिघडतो तेव्हा: डाळ कडक, मटण चिवट, रस्सा आंबटढाण

मटण दालचा म्हणजे मटण, हरभऱ्याची डाळ आणि दुधी यांचा चिंच घातलेला रस्सा. त्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात. हरभऱ्याची डाळ बोटाने दाबली तर फुटते, पण घोटली जात नाही. दुधी बाहेरून मऊ आणि आत कचकचीत राहतो. मटणाचे तुकडे आक्रसतात, दाताखाली दोरे दोरे लागतात. ते सुधारायला आणखी उकळत ठेवावं, तर रस्सा जास्तच आंबट होतो. या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: चिंच वेळेआधी पडलेली असते. मसाला बदलून, कुकरच्या शिट्या वाढवून किंवा खाटकाला बोल लावून यातलं काहीच सुटत नाही.

हैदराबादपासून नांदेड, परभणी, औरंगाबादपर्यंत लग्नाच्या पंगतीत बगारा खान्यासोबत, म्हणजे फोडणीच्या भातासोबत, जो दालचा वाढतात, त्यात चिंच हवीच. तिच्याशिवाय तो नुसता डाळ-गोश्त होतो. प्रश्न फक्त केव्हा, किती आणि कशी घालायची एवढाच आहे.

डाळ आणि दुधी का अडतात

डाळीच्या आणि भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. गरम पाण्यात हे पेक्टिन हळूहळू सुटतं आणि म्हणून डाळ मऊ होते. पाणी आंबट असलं की पेक्टिन सुटायला तयार होत नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे चिंचेच्या पाण्यात डाळ तासभर उकळली तरी तिचा कणा मोडत नाही. बोअरच्या जड पाण्यातला चुना हेच काम वेगळ्या वाटेने करतो. मराठवाड्यात बऱ्याच घरांत दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि डाळ हट्टाला पेटते. बोअरचं पाणी असेल तर डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घ्या. फरक पहिल्याच खेपेला कळतो.

टोमॅटोही या भानगडीत सामील असतो. मसाला परतताना तीन-चार टोमॅटो घालायचे, त्यातच डाळ शिजायला लावायची आणि शेवटी चिंचही घालायची, अशी पद्धत हल्ली फार दिसते. तिथे डाळ चिंचेच्या आधीच अडलेली असते. दालच्यात चिंच घालणार असाल तर टोमॅटो नकोच, किंवा अर्धा किलो मटणाला एक लहान पुरे, तोही मटण शिजल्यावर.

मटणाचं काय होतं

आंबटामुळे मांस मऊ होतं असं आपण ऐकत आलेलो असतो. त्यामुळे चिंचेने मटण चिवट झालं असं सांगितलं की लोकांना पटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त मांसाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल. ताज्या मटणाचा सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) साधारण 5.5 ते 5.8 असतो. तो 5 च्या आसपास उतरला की मांसातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ताकद सगळ्यात कमी होते. बेताचा चिंचेचा कोळ मटणाला नेमका त्या टप्प्यावर आणून सोडतो. रस बाहेर पडतो, तुकडा आक्रसतो आणि कोरडा लागतो. उलट सांध्याजवळचे पांढरे पापुद्रे, शिरा आणि चिकट भाग आंबट रश्श्यातही विरघळतात, किंबहुना जरा लवकरच. म्हणून सीना, गर्दन आणि नळी चिंचेत बराच वेळ राहिली तरी खाण्याजोगी राहतात आणि रानेचे, म्हणजे मांडीचे, बिनहाडाचे तुकडे मात्र भुशासारखे होतात.

यातून खाटकाकडे काय मागायचं तेही ठरतं. दालच्याला हाडासकट मटण घ्या: सीना, गर्दन, एखादी नळी. तुकडे 40 ते 50 ग्रॅमचे. नुसती रान घेऊ नका.

क्रम आणि प्रमाण

खालचं प्रमाण सहा माणसांना बेताचं आहे. वाटी म्हणजे 200 मिलिलिटरची.

हरभऱ्याची डाळ एक वाटी, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. ती दोन तास भिजवा, पाणी फेका, तीन वाट्या नवीन पाणी, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा तेल घालून कुकरला लावा. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीची नळी तुंबत नाही. चार शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग दहा मिनिटं मंद. डाळ चमच्याच्या पाठीने चिरडली जायला हवी. रवीने घोटा, पण अगदी पिठलं करू नका, थोडे दाणे दिसू द्यात.

मटण अर्धा किलो, वेगळ्या भांड्यात. तीन मोठे चमचे तेलात दोन मध्यम कांदे उभे चिरून तांबूस करा. दीड मोठा चमचा आलं-लसूण, मग मटण, हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा धणेपूड, दीड चमचा मीठ. पाणी सुटून आटेपर्यंत परता. दहा-बारा मिनिटं लागतात आणि ती द्यायलाच हवीत. दीड वाटी गरम पाणी घालून कुकर लावा: एक शिट्टी, मग मंद आचेवर कोवळ्या बोकडाला 20 मिनिटं, जूनला 35. वाफ आपोआप जिरू द्या. या टप्प्यावर मटण *पूर्ण* शिजलेलं असलं पाहिजे. हाडापासून सुटत असलं पाहिजे. "चिंचेत अजून शिजेल" या भरवशावर ते अर्धवट सोडलं की पुढचं सगळं फसतं.

आता मटणात पाव किलो दुधीच्या मोठ्या फोडी आणि दोन वाट्या गरम पाणी घाला, झाकण ठेवून दुधी बारा आणे शिजवा. सुरी सहज आत जावी, पण फोड मोडू नये. मग घोटलेली डाळ. डाळ एकजीव होऊन एक उकळी आली की चिंचेचा कोळ.

दुधी कोळाआधी बारा आणे शिजवायचा यामागे हिशेब आहे. जे आम्ल कच्च्या दुधीला मऊ होऊ देत नाही, तेच शिजलेल्या दुधीचा आकार टिकवतं. चिंच पडल्यावर फोडी विरघळत नाहीत, दालचा दुसऱ्यांदा गरम केला तरी तुकडे शाबूत राहतात. कच्चा दुधी कोळात टाकला तर मात्र त्याचा गाभा शेवटपर्यंत करकरीत राहतो.

कोळ घातल्यावर आठ ते दहा मिनिटं मध्यम उकळी, झाकण न ठेवता. तेवढ्यात चिंचेचा कच्चट वास जातो. शेवटी बगार: तूप किंवा तेल, जिरं, सुक्या लाल मिरच्या, चेचलेला लसूण, भरपूर कढीपत्ता.

कोळ: बहुतेक गफलत इथे होते

"लिंबाएवढी चिंच" हे माप धोक्याचं आहे, कारण लिंबं सारखी नसतात आणि चिंचही नसते. वजन करा. वरच्या प्रमाणाला बिनचिंचोक्याची, बिनमिठाची चिंच 30 ग्रॅम घ्या. दीड वाटी कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवून कुसकरली आणि गाळली की सव्वा वाटीच्या आसपास कोळ मिळतो. त्यातला दोन तृतीयांशच आधी घाला. पाच मिनिटं उकळल्यावर चव बघा, मग उरलेल्याचं ठरवा. चमचाभर कोळ नंतर घालता येतो, काढता येत नाही.

पाणी कोमट हवं, उकळतं नको. उकळत्या पाण्यात चिंच कोळली किंवा घाईत मिक्सरला लावली, तर रेषा, टरफलाचे कण आणि नजरेतून सुटलेल्या चिंचोक्याची सालं यांतला तुरटपणा पाण्यात उतरतो. रस्सा आंबट न लागता जिभेला कोरड पाडत असेल तर कारण बहुधा हेच. पिळतानाही शेवटचा थेंब निघेपर्यंत चोथा घासत बसू नका. गाळलेला कोळ दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि तळाची चमचाभर गाळ सोडून वरचा वापरा. कितीही चांगली चिंच असली तरी तिच्यात माती असते.

घरी साठवलेली चिंच असेल तर तिच्यातलं मीठ विसरू नका. उन्हाळ्यात चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबून ठेवायची पद्धत आहे, आणि मीठ प्रत्येक घरी वेगळं पडतं. अशी चिंच वापरायची तर मटणाचं मीठ एक चमच्यावर आणा आणि कोळ पडल्यानंतरच मीठ पुरं करा. दालचा खारट झाला आणि मीठ तर मापात होतं असं वाटलं, तर बरणीतली चिंच चाखून बघा.

नवी चिंच तांबूस-तपकिरी, ताजी, फळासारख्या वासाची असते. वर्ष-दीड वर्षाची जुनी चिंच काळी पडते, चव जास्त खोल आणि किंचित गोडसर लागते. दालच्याला जुनी चांगली, पण रंग काळपट येतो. मध्यम जुनी मिळाली तर उत्तम. परदेशात राहणाऱ्यांनी एक बघावं: पूर्व आशियाई दुकानांत खोक्यात अख्ख्या शेंगांची जी थायी चिंच मिळते ती बहुतेक वेळा गोड जातीची, नुसती खायची असते. ती कितीही घातली तरी दालचा आंबट होत नाही, नुसता गुळमट होतो. स्वयंपाकाला दाबलेल्या वडीची आंबट चिंच घ्या. बाटलीतला काळा घट्ट अर्क घ्यावा लागला तर दीड ते दोन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून सुरुवात करा. तो आटवलेला असल्याने ताज्या चिंचेचा वास त्यात उरलेला नसतो आणि रंग मात्र भरपूर असतो.

उकळून आंबटपणा कमी होत नाही

हा गैरसमज व्हिनेगरमुळे आला असावा. विंदालूत व्हिनेगर घालून उकळलं की त्याचा झणका उतरतो, कारण व्हिनेगरचं आम्ल वाफेबरोबर काही प्रमाणात उडून जातं. टार्टारिक आम्ल उडत नाही. रश्श्यातलं पाणी जातं, आम्ल तिथेच राहतं, म्हणून जितकं आटवाल तितका दालचा आंबट होणार. दुसऱ्या दिवशी गरम केलेला दालचा आदल्या दिवसापेक्षा आंबट लागतो तो याच कारणाने. गरम करताना अर्धी-पाऊण वाटी गरम पाणी घाला, डाळ तेवढं सहज पिते.

आता आंबट झालाच असेल तर उपाय कोणता, हे किती आंबट झालाय त्यावर आहे.

थोडा जास्त असेल तर बगार दुप्पट करा. तूप, तळलेला कांदा आणि कढीपत्ता यांनी जिभेवरची धार बोथट होते. सुपारीएवढा गूळ चालतो, पण गूळ आंबटपणा कमी करत नाही, झाकतो. जास्त पडला तर दालचा आंबट-गोड वरणाच्या वाटेला जातो आणि मटण त्यात परकं वाटायला लागतं.

बराच जास्त असेल तर डाळ वाढवा. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ वेगळी शिजवून, घोटून घाला, बरोबर वाटीभर गरम पाणी आणि थोडं मीठ. हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. बटाटा टाकून आंबटपणा शोषला जातो म्हणतात, तसं होत नाही. बटाटा रस्सा पितो, त्यातलं आम्ल निवडून पीत नाही, आणि आंबट रश्श्यात तो शिजायलाही वेळ लावतो.

खाण्याचा सोडा हा शेवटचा उपाय. पातेलंभर दालच्याला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, पाण्यात कालवून. फेस येतो, म्हणून पातेलं मोठं घ्या. आंबटपणा थोडाच उतरतो आणि तेवढ्यावरच थांबा. सगळा मारायला गेलात तर साबणाची चव येते आणि ती कशानेही जात नाही.

चिंच आधीच पडली, डाळ अजून कडक

अशा वेळी आहे तसंच तासभर उकळत ठेवू नका. झाऱ्याने मटण आणि दुधी बाहेर काढून झाकून ठेवा. उरलेल्या डाळ-रश्श्यात वाटीभर गरम पाणी आणि वर सांगितला तेवढाच सोडा घाला. फेस पूर्ण बसेपर्यंत उघडंच उकळा, त्याशिवाय कुकरचं झाकण लावू नका. फेसाळ डाळीने वाफेची वाट बंद होऊ शकते. कुकर अर्ध्याच्या वर भरलेला नको. मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. तरीही दाणे राहिले तर सरळ मिक्सरमधून फिरवून जाळीने गाळा. चव शाबूत राहते, फक्त पोत जरा खसखशीत लागतो.

मटण कडक राहिलं असेल तर तेही असंच बाहेर काढून, साध्या गरम पाण्यात दोन चमचे तेल आणि चिमूट मीठ घालून वेगळं कुकरला लावा. ते पाणी फेकू नका, रस्सा पातळ करायला तेच वापरा. बिनहाडाचे तुकडे मात्र एकदा कोरडे पडले की फारसे परत येत नाहीत. ते हाताने सोडवून बारीक करा आणि डाळीत मिसळा.

भांडं

ज्या चिंचेने पितळेची समई लखलखीत होते, ती चिंच पितळेच्या पातेल्यात तासभर उकळायची नाही. कल्हई शाबूत असेल तर हरकत नाही, पण तळाशी पिवळं दिसू लागलं असेल तर दालचा त्यात नको. अॅल्युमिनियमच्या कुकरात चिंच घातली की धातूची चव उतरते. मटण त्यात शिजवा, चिंच स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात घाला. लोखंडी कढईत रस्सा थेट काळा होतो. चिंचेतली तुरट द्रव्यं आणि लोह एकत्र आले की रंग शाईकडे झुकतो, मसाल्यात काही चुकलेलं नसतं.

तळाला लागण्याचंही बघा. चिंचेत आंबटाइतकीच, बऱ्याचदा त्याहून जास्त, साखर असते. शिवाय डाळ घट्ट. कोळ घातल्यावर आच मध्यमच, वर नाही, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळणं. जळाल्याचा वास आला तर ढवळू नका, वरचं दुसऱ्या पातेल्यात ओता आणि तळ सोडून द्या.

शागोती आणि चिगुर

गोव्याच्या शागोतीत चिंच दालच्यापेक्षा बरीच कमी लागते: किलोभर मटणाला 10 ते 15 ग्रॅम. काही घरांत ती भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातच वाटतात. ब्रॉयलर कोंबडीला ते चालून जातं, ती अर्ध्या तासात शिजते. मटणाला आणि गावरान कोंबडीला नाही. तिथे वाटण बिनचिंचेचं ठेवा आणि कोळ शेवटी घाला. शेवटी नारळाचं दूध घालणार असाल तर आधी कोळ, त्याला पूर्ण उकळी, मग आच अगदी मंद करून घट्ट दूध, आणि त्यानंतर उकळी नाही. आंबट रश्श्यात दूध खदखदलं की फाटतं, वर तेल आणि खाली कण दिसतात. फाटलेलं दूध परत जुळत नाही. पण भाजलेल्या खोबऱ्याचं चमचाभर बारीक वाटण घालून हलवलं तर कण त्यात लपतात.

उन्हाळ्यात हैदराबादेत चिंचेच्या कोवळ्या पाल्याचं मटण होतं, चिगुर गोश्त. पाला आंबट असला तरी त्यालाही नियम तोच. अर्धा किलो मटण पूर्ण शिजल्यावर 100 ते 150 ग्रॅम पाला, काड्या काढून, दोन्ही तळव्यांत चोळून घालायचा आणि दहा मिनिटं झाकण ठेवायचं. तांबूस-पोपटी पाला घ्या. गर्द हिरवा झालेला जून पाला तुरट लागतो आणि तोंडात चोथा राहतो. पाल्याचा आंबटपणा झाडागणिक बदलतो, म्हणून अर्धा आधी, अर्धा चव बघून. चिगुर घातल्यावर वेगळा कोळ लागत नाही.

उरलेला कोळ बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतो. आधी एका खणात किती चमचे मावतात ते मोजून घ्या आणि डब्यावर लिहून ठेवा. 30 ग्रॅम चिंचेचा सव्वा वाटी कोळ या हिशेबाने पुढच्या वेळी किती खडे काढायचे ते लगेच कळतं. गोठवलेला खडा थेट रश्श्यात टाकू नका, वाटीत विरघळू द्या, तळाची गाळ दिसली तर सोडा आणि मगच घाला.